बर्फाची पुण्याई

रामाकोन्याचा चिंधू ओट्यावरच थांबला. संत्र्यांच्या दर बहाराला तो टोपली घेऊन सरळ स्वयंपाकघरापर्यंत यायचा, टोपली माठाशेजारी ठेवायचा, तांब्याभर पाणी गटागटा प्यायचा आणि चपला बाहेर काढायच्या राहिल्या हे मग आठवून जीभ चावायचा. आज त्यानं टोपली ओट्याच्या कडेला ठेवली आणि दोन पावलं मागे सरून रस्त्यात जाऊन उभा राहिला. नलिनी हात पुसत बाहेर आली. तिला वाटलं, बाजाराची घाई असेल. पांढुर्ण्याला संत्री घेऊन आलेल्या माणसाला सकाळी आठ वाजता घाई नसेल तर कोणाला असणार?

"आत या नं चिंधूभाऊ. चहा टाकते."

"नाई जी बाई. आत नाई येत. घरी माता आली हाये."

"कोणाला?"

"पोट्टीले. जयूले. परवा अंगभर दाने निंघाले." आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून तोच घाईघाईनं तिची समजूत घालू लागला. "पन भेव नाई जी. तुमच्या हातची सुई टोचली हाये नं तिले. माय म्हने, बाईनं टोचलेली हाये, माता येईन, बसन अन उठून जाईन."

"दवाखान्यात दाखवलं?"

"दवाखाना कायले जी? माता असतानी लेकरू उंबऱ्याबाहीर काढत नाई. रातपासून थोडसाक दम लागून राहिला, पन थो बुखाराचा अशीन." तो हसला. त्याच्या हसण्यात काळजीचा लवलेश नव्हता. "निंघतो जी. गाडी खाली कराची हाये. मायनं सांगतलं होतं, काई बी हो, बाईची टोपली चुकवू नको म्हून."

तो गेला. टोपलीवर निंबाची दोन पानं अडकलेली होती. आतून प्रभाकर, तिचा नवरा, शाळेत जायचा सदरा घालत बाहेर आला, त्यानं एक संत्रं उचललं, सोललं, आणि नेहमीचंच बोलला. "तुझा बर्फ अजून फळं देऊन राहिला, बाप्पा." हा त्याचा दोन वर्षांपासूनचा विनोद. घरी पाहुणा आला की तो बर्फाची गोष्ट सांगायचा आणि ती चहाच्या निमित्तानं आत जायची. लोकांना वाटायचं, बाई लाजतात. सौसरहून तिची पांढुर्ण्याला बदली झाली तेव्हा निरोपाला शाल आणि नारळ देताना साहेबांनीही हीच गोष्ट सांगितली होती, हात उंचावून, आवाज काढून, आणि ती खुर्चीच्या हाताला धरून बसली होती, नारळ मांडीवर. आता प्रभाकरनं एक फोड तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली, तोंडात टाकली. थोडसाक दम. तीन वर्षांच्या पोरीला गोवरात दम लागतो तेव्हा तो बुखाराचा नसतो, छातीचा असतो, हे तिला कोणी सांगायला नको होतं. अठरा वर्षं नर्स होती ती. तिनं फोड अंगणातल्या जाईच्या मुळाशी थुंकली, सुट्टीचा अर्ज चार ओळींत लिहिला आणि प्रभाकरच्या हातात दिला.

"काय सांगू दवाखान्यात?"

"सांग, रामाकोन्याला गेली. सांग, जुनं काम राहिलं होतं."

सौसरच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. बाहेर संत्र्यांचे बगीचे आणि कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्या मागे पळत होत्या आणि ती एकच शब्द चघळत होती. कोमट. दोन वर्षांत हा शब्द तिला कुठेही गाठायचा. आंघोळीच्या पाण्यात बोट घालून पाहताना, चहा निवल्याची कुरकुर प्रभाकर करायचा तेव्हा, कोणाच्या तापाच्या कपाळावर हात ठेवताना. सत्त्याऐंशी सालची हनुमान जयंती होती. गोवराची लस तेव्हा नवीनच आली होती आणि तिची तऱ्हा अशी की शीशीत नुसती पूड असायची. पूड पाण्यात कालवली की घड्याळ सुरू. चार तास, आणि तेही बर्फावर. उन्हात राहिली तर औषध मरायचं, पण दिसायला जसंच्या तसं. दुधासारखं नासलं असतं, फाटलं असतं, वास आला असता, तर कोणीही ओळखलं असतं. त्या सकाळी ती बोरगावात होती. वीस लेकरं जमवतो असा निरोप होता, त्या भरवशावर तिनं दहा-दहा लेकरांच्या दोन शिशा एकदमच कालवल्या आणि मान वर करून पाहते तर अंगणात नऊ. बाकीचं गाव दर्शनाला जामसांवलीला गेलेलं. हनुमान जयंतीला लस ठेवणारा शहाणा कोण, तर तीच. नऊ लेकरं झाली, अकरांचं औषध उरलं. नियमानं ते ओतून द्यायचं. पण अकरा लेकरांचं औषध मातीत ओतायला तिचा हात धजेना. रामाकोन्याला या खेपेला तरी बाया येतील, छोट्या गाडीनं, नॅरोगेज रेल्वेनं, गेलं तर चार तासांच्या आत पोचतो, लशीच्या निळ्या डब्यात बर्फाच्या चार चपट्या डब्या ठणठणीत आहेत, मग काय हरकत? हरकत काहीच नव्हती. इथपर्यंत खरोखरच काही हरकत नव्हती. रात्री झोप येईनाशी झाली की ती इथपर्यंत येऊन थांबायची, आणि तो दिवस इथेच संपला असता तर, असं मनाशी म्हणायची.

छोटी गाडी जामसांवलीहून परतणाऱ्यांनी खच्चून भरली होती. सौसर सोडल्यावर ती माळावर उभी राहिली ती राहिलीच. इंजिनाला काय झालं कोण जाणे. गाडीचा डबा तापून भट्टी झाला. तिच्या शेजारची म्हातारी, उपाशी, अनवाणी, कपाळावर शेंदूर, एकदम तिच्या खांद्यावर कलंडली. नलिनीनं तिच्या मानेला हात लावला. कातडी कोरडी होती आणि चटका बसावा इतकी तापलेली, आणि घामाचा एक थेंब नाही. उन्हाचा झटका. लू. पुढच्या स्टेशनापर्यंत बाई टिकणार नव्हती. निळ्या डब्याचं झाकण नलिनीनं उघडलं तेव्हा तिला एका क्षणाचीही शंका आली नाही, हे तिला अजून आठवतं, आणि त्याचंच तिला नवल वाटतं. एक डबी मानेखाली, दोन बगलेत, एक डोक्यावर. बायांनी पदरानं वारं घातलं. पाऊण तासानं म्हातारीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं, आणि अख्ख्या डब्यानं आधी बजरंगबलीचा आणि मग नर्सबाईचा जयजयकार केला. गाडी हलली. नलिनीनं रिकाम्या डब्यात हात घालून ओल्या रुमालातल्या दोन शिशा मुठीत घेतल्या. कोमट होत्या. आपल्याच तळव्याइतक्या कोमट.

मग तिनं सांगायला काय हरकत होती? हा प्रश्न तिनं स्वतःला इतक्यांदा विचारला होता की आता त्याची धार गेली होती, आणि आज बसच्या खिडकीशी ती परत आली. रामाकोन्याच्या स्टेशनावर गोष्ट तिच्या आधी उतरली होती. म्हातारी त्याच गावची निघाली, चिंधूची आई अंबाबाई. तिला खाटेवर घालून नेत होते आणि ती खाटेवर उठून बसली होती, आणि लोक नलिनीच्या पाया पडत होते. शाळेच्या ओट्यावर अकरा बाया अकरा लेकरं घेऊन बसल्या होत्या. त्याआधीच्या तीन खेपांना तिथे चिटपाखरू आलं नव्हतं. आणि सर्वांत पुढे अंबाबाईच, अजून पाय लटपटताहेत, सुनेच्या कडेवरची वर्षभराची नात हिसकून घेऊन. "पयले माह्या नातीले टोचा बाई!" आज नाही, पुढच्या महिन्यात या, एवढंच म्हणायचं होतं. औषध संपलं, एवढं खोटंसुद्धा पुरलं असतं. पण सगळं गाव तिच्याकडे ज्या नजरेनं पाहत होतं, तसं तिच्याकडे आयुष्यात कोणी पाहिलं नव्हतं. प्रभाकरनंसुद्धा नाही. तिनं स्टोव्ह पेटवला, सुया उकळल्या, आणि टोचलं. अकराही. वहीत अकराही नावं सुवाच्य अक्षरात लिहिली. पुढच्या महिन्यात काहीतरी सबब काढून परत टोचू, असं तिनं ठरवलं होतं; मग त्याच्या पुढच्या महिन्यात; मग पाऊस, मग बदली. कोणी विचारलंच नाही. टोचलेलं लेकरू पुन्हा कोण मोजतो?

सौसरच्या दवाखान्यात लशीचं फ्रीज दादारावकडे होतं. दादाराव तिच्या वेळेपासूनचा, तिला बहिणीसारखी मानणारा. तिनं त्याला सगळं सांगितलं. कोणालातरी सांगितल्याची ही पहिलीच वेळ होती, आणि तिला वाटलं होतं की सांगताना आपण रडू, पण ती भाजीचा भाव सांगावा तसं कोरडं सांगत गेली. दादारावनं दार लोटून घेतलं.

"ताई, तू येडी झाली का? चांगली टोचलेली असली तरी शंभरातून पाच-दहा लेकरायले गोवर होतेच. हे तूच आम्हाले शिकवलं. बोल, शिकवलं का नाही?"

"शिकवलं."

"मंग? त्या पोरीले झाला, तं थे पाच-दहातली. कोन म्हणीन काय? तू जाय, पोरीले घेऊन ये, डॉक्टर पाह्यतील. बाकीच्या दहा जनायले नवीन डोस म्हून टोच. पन डब्याची गोष्ट काढू नको. नोकरी जाईन, अन गाव पुन्हा कोणाले दारात उभं करनार नाही."

त्याचं बोलणं इतकं नेटकं होतं की तिला हलकं वाटलं. खरंच, कोण म्हणेल काय? औषध खराब निघालं म्हणायचं. वरूनच खराब आलं होतं, सरकारनं नवीन पाठवलं आहे. बर्फाचं नाव नको. आणि अंबाबाईचाही विचार करायला नको का? तुमच्या जिवासाठी नातीचं औषध गेलं, असं कोण कोणाला सांगतं? यात आपल्यापेक्षा त्या बाईचीच दया आहे, असं तिनं स्वतःला समजावलं आणि ते समजावणं स्वतःलाच ऐकू आलं म्हणून ती चरफडली. दादारावनं दहा लेकरांची एक शीशी आणि पाण्याची कुपी दिली, चार डब्या गोठलेला बर्फ भरला, झाकण कडीनं बंद केलं. तोच निळा डबा. कोपऱ्यावरचा पोचाही तोच.

छोट्या गाडीत तिनं डबा मांडीवर घेतला आणि दोन्ही हात झाकणावर ठेवले. समोरचा माणूस म्हणाला, बाई, खाली ठेवा नं, जड अशीन. ती म्हणाली, नाही. गाडी एका ठिकाणी मंदावली तेव्हा तिच्या कानशिलावर घामाचा ओघळ आला. पण गाडी थांबली नाही.

चिंधूच्या दारावर निंबाचा डहाळा बांधला होता. तिला पाहताच शेजारपाजारच्या चार-पाच बाया मागोमाग आल्या. रामाकोन्यात तिच्या नावानं गाव अजून गोळा होत होतं. आत तव्याचा, फोडणीचा कसलाच आवाज नव्हता. माता असताना घरात फोडणी देत नाहीत. चिंधूची बायको जयवंता पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. "पाय धुऊन या जी बाई." नलिनी पाय धुऊन आत गेली. अंधाऱ्या खोलीत खाटेवर जयू होती, आणि उशाशी अंबाबाई निंबाच्या डहाळीनं हळूहळू वारं घालत होती. ती उजळली. "आली का माय! पाह्य, म्या म्हनलं होतं नं जयवंता, बाई येईन म्हून."

नलिनीनं पोरीचा सदरा वर केला, घड्याळ काढलं आणि श्वास मोजले. मिनिटाला अठ्ठावन्न. दर श्वासाला फासळ्यांखालची कातडी आत ओढली जात होती. डोळे चिकटलेले, ओठ सुकलेले.

"मावशी, हिला आत्ताच्या आत्ता सौसरला न्यायला लागेल."

"पाच दिवस उंबरा वलांडत नाई बाई. मातेचा कोप होते. अन भेव कायचं? तुमची सुई हाये नं तिच्या अंगात." अंबाबाईची नजर मग निळ्या डब्यावर गेली आणि तिचा सगळा सुरकुतलेला चेहरा हसला. "बर्फ आनला जी? थोच बर्फ! मले मेलीले उठवलं त्यानं. लावा, लावा पोट्टीच्या डोक्याले. जयवंता, काढ वो."

जयवंतानं कडीला हात घातला. नलिनीनं तो हात फटकन बाजूला केला आणि डबा छातीशी ओढला. आवाज खोलीभर झाला. जयवंता आपल्या हाताकडे पाहत राहिली, मग नलिनीकडे, मग पोरीकडे.

"नाही देणार," नलिनी म्हणाली.

"माह्या लेकरासाठी मांगून राहिली, बाई. एक डबी."

एक डबी. तीन उरतात. तीन पुरतात कदाचित. नलिनीचा अंगठा आपोआप कडीवर गेला होता, हे तिला खाली पाहिल्यावर कळलं. समोर पोरगी भाजत होती. सौसरपासून जुळवून आणलेलं सगळं, वरून खराब आलेलं औषध, सरकारनं पाठवलेलं नवीन, तोंडात तयार होतं, आणि त्यातलं एकही वाक्य या क्षणी कामाचं नव्हतं. बर्फ का देत नाही, या प्रश्नाला एकच उत्तर होतं.

"ओल्या फडक्यानं पुसा तिला. माठातल्या पाण्यानं. बर्फ नाही देता येत. या डब्यात दहा लेकरांचं औषध आहे. बर्फ काढला की ते मरते." ती थांबली. पुढचं बोलताना आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "त्या दिवशी मेलं होतं."

"कोन मेलं होतं?" दारातून कोणीतरी विचारलं.

"औषध. हनुमान जयंतीला शाळेच्या ओट्यावर अकरा लेकरांना टोचलं, ते मेलेलं होतं. त्यांच्या अंगात काहीच गेलं नाही. टोचलंच नाही असं समजा."

अंबाबाईची डहाळी हवेत थांबली. म्हातारीला अक्षर येत नव्हतं, पण डोकं लख्ख होतं, आणि त्यात एकेक गोष्ट जागेवर बसताना नलिनीला समोर दिसत होती. गाडी. माळ. मानेखाली थंडगार काहीतरी.

"त्या दिवशीचा बर्फ," ती हळू म्हणाली, "थो तं माह्या डोक्यावर होता."

नाही म्हणता आलं असतं. अजूनही.

"हो. पण त्यात तुमचं काही नाही, मावशी. बर्फ तुम्हाला दिला ते बरोबर केलं मी. आज तशी वेळ आली तर पुन्हा देईन. मग गावात येऊन टोचलं ते चुकलं. मले मालूम होतं. शिशा हातात घेऊन पाहिल्या होत्या. कोमट होत्या."

पोरीचा श्वास ऐकू येत होता, करवतीसारखा. जयवंता भिंतीला टेकून खाली बसली. अंबाबाई नलिनीकडे पाहत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर नलिनीनं त्या आनंदानं घेतल्या असत्या.

"मंग जयजयकार कायले घेतला बाई?" अंबाबाई म्हणाली. "सांगाचं होतं नं. तवाच सांगाचं होतं. आम्ही काय खाल्लं असतं तुले?"

नलिनी मान खाली घालून उभी राहिली, डबा छातीशी.

मग म्हातारी उठली. दाराशी गेली, टाचा उंचावून तिनं डहाळ्याची गाठ सोडली, आणि तो डहाळा घेऊन खाटेपाशी आली. जयवंता "माय, माय, काय करता?" म्हणत राहिली. अंबाबाईनं नातीला गोधडीत गुंडाळलं, डहाळा गोधडीत पोरीच्या छातीशी खोचला आणि हात जोडले. "माताय, रागावू नको. तू बी चाल संगं. सौसरले." आणि सुनेकडे वळून, "ऊठ. भिवाजीचा संत्र्याचा ट्रक भरून उभा हाये सडकेवर. त्याले सांग, अंबाबाईनं सांगतलं, आधी दवाखाना, मंग मंडी."

नलिनीनं डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली. श्वास अठ्ठावन्न, गोवर तिसरा दिवस, छाती. आणि खाली, पेन थांबवून, लिहिलं: लस निकामी होती, चूक माझी. सही केली. जयवंतानं चिठ्ठी पोलक्यात खोचली, पोरीला उचललं, आणि जाताना तिनं नलिनीकडे पाहिलं नाही. सडकेवर ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला, मग तो लांब गेला.

"मी संगं गेली असती," नलिनी म्हणाली.

"अन ह्या दहा जनायले कोन टोचन?" अंबाबाई म्हणाली.

स्टोव्ह शाळेच्या ओट्यावर पेटला. सुया उकळत होत्या आणि बाया लांब उभ्या होत्या, पोरं पदराआड धरून. दोन वर्षांपूर्वीची ती नजर आता कुठेच नव्हती. एक जण मोठ्यानंच म्हणाली, "आता कोनती सुई खरी समजाची आम्ही?" आणि ती चुकीचं बोलत नव्हती. नलिनीनं वहीतली जुनी अकरा नावं काढली. पहिलं नाव जयूचं होतं. तिनं दुसऱ्यापासून वाचायला सुरुवात केली. कोणी पुढे आलं नाही.

तेव्हा अंबाबाई काठी टेकत आली, ओट्यावर चढली आणि निळ्या डब्यापाशी मांडी घालून बसली. झाकणावर तिनं दोन्ही तळवे ठेवले. "आना पोट्टे," ती म्हणाली. "मी बसली हावो डब्यापाशी. कोनाच्या बापाले हात लावू देत नाई. कोमट झाला तं मीच सांगन, अन मीच फेकून देईन."

एक आली. मग दुसरी. झाकण उघडायचं, शीशी काढायची, औषध ओढायचं, शीशी आत, झाकण बंद. दर वेळी म्हातारी तळवे उचलायची आणि पुन्हा ठेवायची, आणि दर वेळी नलिनी सांगायची, थंड आहे. म्हातारी तरी स्वतः आत बोट घालून पाहायचीच. जिनं मोठ्यानं विचारलं होतं ती सर्वांत शेवटी आली, तीही अंबाबाईनं नाव घेऊन हाक मारली तेव्हा. दहावं लेकरू रडत गेलं. सौसरच्या बाजूनं छोटी गाडी आली, थांबली, गेली. तिच्यातून रामाकोन्यासाठी काही निरोप उतरला नाही. ट्रक पोचला असेल. नसेलही. नलिनीनं हातातलं घड्याळ दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा किती वाजले ते तिच्या ध्यानात राहिलं नाही.

शीशी रिकामी झाली होती. आता डबा उघडा ठेवला तरी चाललं असतं. पण अंबाबाई तळवे उचलत नव्हती.

"मावशी, झालं. आता राहू द्या."

"अजून थंड हाये," अंबाबाई म्हणाली. ती सडकेकडे पाहत होती. मग तिनं एक हात उचलला आणि आपल्या कपाळावर ठेवला, जिथे त्या दिवशी शेंदूर होता.

"असाच लागला होता बाई. लई बरं वाटलं होतं."